अब्रारचं पार्सल

दुबईचं खूळ आमच्या घरात आणलं ते माह्या सुनेनं. दिपाली तिचं नाव. ती अन माहा अक्षय पुण्याले असतात, दोघंही नोकरीवाले. दिवाळीले उमरखेडले आले तवा जेवता जेवता ती म्हणे, "आई, यंदा बाबांना साठ पूर्ण होतात. डिसेंबरात आपण चौघं दुबईला जाऊ." आमचे हे, म्हणजे विठ्ठलराव, वरणभात कालवता कालवता थांबले अन म्हणे, "तिथी चहा भेटते का आपल्यासारखा?" झालं. एवढ्या एका वाक्यावर दुबई पक्की झाली.

मंग काय इचारता! दिपालीनं फोनवर चौघांचा ग्रुप काढला. पासपोर्टासाठी नागपूरच्या चकरा झाल्या. तिनं पाच दिवसांची फाईल करून पाठवली. सकाळी नवाले इथी, साडेअकराले तिथी, दुपारी तो आभाळाले टेकलेला टॉवर, मंग वाळवंटात जीपगाडी. मी ह्यायले म्हटलं, "मोरीत जायची वेळ तेवढी लिहाची राह्यली पाहा." पण ती फाईल मी दिवसातून चारदा उघडून पाहो, हेही खरं हाय. शेजारच्या चार बायायले दाखवली बी. फोकनाडी माराले मले काही कोणी शिकवा नाही लागत.

दिपाली म्हणे, "आई, तिथे साडी नको, सारखी सांभाळत बसाल. तीन पंजाबी ड्रेस शिवून घ्या." माय वो! अठ्ठावन्न वर्षांची बाई मी, साडीबिगर कधी घराबाहेर पाय नाही टाकला. तोंडानं म्हटलं, "लोक हसतीन." मनातून मात्र गुदगुल्या झाल्या.

ड्रेस शिवणार कोण? सुग्राबी. दुसरं कोण?

सुग्राबी माही शेजारीण. बत्तीस वर्षं झाले, तिच्या न माह्या अंगणात एकच भिंत. माहे सगळे ब्लाउज तिनंच शिवले. तिचा हात असा बारीक की टाका शोधा लागे. आता डोळे कमी झाले, म्हणून सुईत दोरा ओवाचा असला की भिंतीवरून हाक मारते, "विमल, ये वं जरा." तिचे मालक शकीलभाऊ विहिरीवरच्या मोटरी बांधत. घरासमोर टिनाचं शेड, त्यात बसून जळालेली तार काढाची, नवी गुंडाळाची, वरून वार्निश वताचं. मागच्या साली दिवाळी झाल्यावर एका मंगळवारी त्या शेडातच बसल्या जागी गेले. एकुलता पोरगा अब्रार तिकडे दुबईले, एसीच्या नळ्या बसवते. मय्यत संध्याकाळीच उचलली. पोराले बापाचं तोंड पाह्याले नाही भेटलं. त्याले सालभर झालं, तो अजून आला नाही. कंपनी सुट्टी देते तवा देते.

तर माप घेता घेता सुग्राबी म्हणे, "विमल, अब्रारचं जरासं सामान नेशीन का?"

मी पटकन हव म्हटलं. आमच्या गल्लीतून कोणी दुबई-सौदीकडे निघालं की पार्सलं येतातच, त्याले कोणी नाही म्हणत नाही. कोणाचं लोणचं, कोणाच्या चपला, कोणाच्या गुडघ्याचं तेल. शकीलभाऊचा भाचा अफरोज गेलता तवा त्याच्या बॅगमध्ये त्याचे सोताचे दोनच शर्ट होते, बाकी सगळं गावाचं.

दुसऱ्याच दिवशी तिनं पार्सल आणून देल्लं. उशीएवढं, पांढऱ्या मांजरपाटात चारी बाजूंनी शिवलेलं. दारातच उभी राह्यली. म्हणे, "जसं हाय तसंच त्याच्या हातात देजो, बाई." मले जरा टोचलं. म्हटलं, मी काय तुह्या पार्सलातले लाडू खाऊन राह्यली? पण बोलली नाही.

संध्याकाळी दिपालीचा फोन आला, चेहरा दिसते तो. मी कौतुकानं पार्सल तिच्यासमोर धरलं. ती अशी दचकली की जसा मी साप धरला.

"आई! कोणाचंही पार्सल घ्यायचं नाही! तिकडे नुसती खसखस निघाली तरी आत टाकतात. आणि विमानतळावर कुत्री असतात, बॅगा हुंगत फिरतात. कसला वास आला की उघडायला लावतात."

"अवो, कोणाचं नाही. सुग्राबीचं हाय."

"असेल. पण आत काय आहे ते तुम्ही बघितलंय का?" मंग जरा आवाज खाली घेऊन म्हणे, "आणि त्यांचं काही सांगता येतं का, आई?"

त्यांचं. ते तिनं कोणत्या अर्थानं म्हटलं ते मले बरोबर समजलं. तिथंच तिले हासडाले पायजे होतं. तुह्या नवऱ्याले गोवर निघाला तवा आठ दिवस त्याच्या उशाशी कोण बसलं होतं, ते इचाराले पायजे होतं. एरवी माही जीभ सख्ख्या नणंदेले सोडत नाही, भाजीवाल्याले तर सोडतच नाही. त्या वख्ती टाळ्याले चिकटली. मी काय म्हटलं? म्हटलं, "पाहून घेते."

दुसऱ्या दिवशी दुपारी हे शेतात गेले, सोयाबीनचं कुटार भराले. मी दाराले कडी लावली. आपल्याच घरात, भरदुपारी, कडी! तिथंच मले समजाले पायजे होतं की आपण काय करून राह्यलो. मनाले म्हटलं, खसखस पाहाची हाय, सुग्राबीच्या मसाल्यात खसखस असतेच. पण खरं सांगते, खसखशीचं निमित्त होतं. दिपालीचं ते "त्यांचं" माह्या डोक्यात जाऊन बसलं होतं. बत्तीस वर्षं भिंतीवरून वाट्या देल्या-घेतल्या, अन एका पोरीच्या एका शब्दानं मी कैची हातात घेतली. आता सांगतानाही तोंड लपवावं वाटते.

एक बाजू उसवली. आत जवसाच्या चटणीची पुडी. नानखटाईचा डबा. खसखशीचा एक दाणा नाही. खाली एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी, अन तिले एकावर एक पाच गाठी. एवढ्या गाठी कायले, म्हटलं. सुटत नव्हत्या, म्हणून कापल्या.

भप्पकन वास आला. मी पदर नाकाले लावला. आत एक आकाशी शर्ट होता, जुना, मळका. कॉलर काळी पडलेली, बाहीवर भुरे डाग. औषधासारखा, जळल्यासारखा, घामट असा तो वास. मले आधी तो विमानतळावरचा कुत्राच दिसला. सरळ आमच्या बॅगवर धावते अन ह्यायले पकडून नेतात. मंग वाटलं, एवढी टापटिपीची बाई अन पोराले मळका शर्ट पाठवते! डोळ्यानं दिसत नाही बिचारीले, धुतला हाय का नाही हे समजलं नसन. पोरगा काय म्हणन?

अन मी तो शर्ट धुतला.

साबणाच्या पाण्यात घंटाभर भिजवला. कॉलरले बरश मारला, बाहीचे डाग घासून घासून काढले. दोनदा पाण्यातून काढला, नीळ टाकली, वाळवला, इस्त्री केली. जसा दुकानातून आणला तसा दिसे. मले तर लयच पुण्याचं काम केल्यावानी वाटलं. घडी करून नव्या पिशवीत टाकला, पार्सल शिवलं. माहे टाके म्हणजे चिखलातून कोंबडी गेल्यावानी, पण म्हटलं, त्या पोराले काय समजते टाक्यातलं.

दिपालीले कळवलं, "पाह्यलं. सगळं साफ हाय." तिनं लगेच फाईलमध्ये टाकलं: गुरुवार, पाच ते सव्वापाच, अब्रार, मेट्रो स्टेशनच्या दाराशी, पार्सल देणे. पंधरा मिनिटं. त्याच्या पुढं साडेपाचले कारंजे.

तीन दिवसांनी सुग्राबी तिसरा ड्रेस अंगावर पाह्याले आली. मी आरशासमोर उभी, ती खाली बसून घेर मोजून राह्यलती, तोंडात टाचण्या. टाचण्या काढून एकदम म्हणे, "अब्रारचा फोन आलता. दिवस मोजून राह्यला पोरगा. तुह्यासाठी नाही हां," अन हसली. "शर्टासाठी."

"कोणता शर्ट?" मी म्हटलं. ठाऊक असून म्हटलं.

"त्याच्या अब्बाचा. त्या मंगळवारी अंगात होता तो. बाकी कपडे चाळिसाव्या दिवसाच्या आत वाटून टाकले, फरहानानं नेले फुलसावंगीले." फरहाना तिची पोरगी, तिथं देल्ली हाय. "हा एक मी लपवून ठेवला. पोरगा त्या दिवशी फोनवर रडे अन म्हणे, अम्मी, अब्बू का एक कपडा मेरे लिए रख, धोना मत. मी तसाच पिशवीत घातला अन गाठी मारल्या. सालभर उघडला नाही वं, विमल. मले किती खेपा वाटलं, एकदा उघडावं, एकदा नाकाले लावावं. पण उघडला की तेवढा वास उडन. म्हटलं, मी तर त्यांच्यासंगं पस्तीस साल राह्यली. पोराले तर माती देणं बी नाही भेटलं. त्याच्यासाठी राहू द्यावा सगळा."

आरशात माहंच तोंड दिसून राह्यलतं, नव्या ड्रेसमधलं.

"कल बी इचारे, अम्मी, धुतला तर नाही ना? म्या म्हटलं, अरे बावा, हातबी नाही लावला." मंग ती वर पाहून म्हणे, "नीट ठेवलं ना पार्सल, बाई?"

तवा सांगाले पायजे होतं. अन मी म्हटलं, "हव. जसं देल्लं तसंच हाय."

ती गेली अन मी तो ड्रेस काढून फेकला. जेवण गेलं नाही. ह्यायनं इचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, डोकं दुखते." कोणत्या तोंडानं सांगू?

पण माणूस एकदा घसरला की घसरतच जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय केलं ते ऐका. पार्सल पुन्हा उसवलं. म्हटलं, वास गेला तर वास पुन्हा लावता येते. अक्षयच्या जुन्या गाडीचं काळं ऑईल बोटावर घेतलं, बाहीले लावलं. मंग वाटलं, एवढ्यानं नाही होणार. दिवाळीची अत्तराची शिशी कपाटात होती. शकीलभाऊ जुम्म्याले नमाजले जात, अत्तर लावतच असतीन, असं मीच ठरवलं अन कॉलरले दोन थेंब लावले. शर्ट चुरगाळला, पिशवीत कोंबला, गाठी मारल्या. त्याही दोनच. अन पुन्हा शिवलं.

पार्सल खाली ठेवतच होती तर भिंतीवरून हाक आली, "विमल, येऊ का वं? फरहानाच्या पोराचा फोटो घालाचा राह्यला."

"दे ना, मी वरूनच देते त्याले," मी म्हटलं.

"नाही, चटणीसंगं ठेवते. एवढासा कोपरा उसवते, दोन मिनिटं." अन ती आतच आली.

ती पलंगावर बसली, चष्मा लावला, पार्सल मांडीवर घेतलं अन कोपरा सापडाले शिवणीवरून बोट फिरवलं. बोट थांबलं. पुन्हा मागं नेलं, पुन्हा थांबलं. माह्याकडे पाह्यलंच नाही. त्या टाक्यांकडेच पाह्यत म्हणे, "हे माहं नाही."

मी भिंतीले टेकून उभी.

तिनं एक-एक टाका काढला. पिशवी काढली. दोन गाठी पाह्यल्या, त्यायले बोट लावलं, सोडल्या. शर्ट दोन्ही हातानं तोंडाले लावला. अन मी, इतकी बेशरम बाई मी, त्या वख्ती बी मनात म्हणून राह्यलती, जमलं का? जमलं असन का?

तिनं शर्ट खाली घेतला. "अत्तर?" म्हणे. मले वाटलं ओरडन. तिचा आवाज उलट बारीक झाला. "त्यांना अत्तरानं शिंका येत, विमल. सटासट दहा-बारा. ईदले बी कधी लावलं नाही. मशिदीत सारे हसत त्यांना."

बत्तीस वर्षं भिंतीले भिंत. एवढंबी मले ठाऊक नव्हतं.

मंग मी सगळं ओकली. खसखस, कुत्रा, कडी, साबण, बरश, ऑईल. दिपालीचा तो एक शब्द तेवढा नाही सांगितला. कायले सांगाचा? न सांगताच तिले समजला होता. ती सगळं ऐकून म्हणे, "मले म्हटलं असतं, तर मीच उसवून दाखवलं असतं. दोन मिनिटाचं काम होतं."

त्यापेक्षा तिनं माह्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मी तिचे पाय धराले वाकली, तिनं पाय वर घेतले. माफ कर म्हणाची बी लाज वाटली मले. दोघींच्या मधात तो शर्ट. बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

मंग ती म्हणे, "साल झालं ना. कितीक दिवस राहाते वास? उडूनच गेला असन म्हणा. तू उघडला तवा काही नसनच त्यात. नाही का?"

मले सुटाचं दार उघडून देल्लं तिनं. नुसतं "हव" म्हटलं असतं तर दोघीही सुटलो असतो. तिले बी वाटलं असतं की गेलं ते आधीच गेलतं. पण तिच्याशी किती खोटं बोलाचं माणसानं? अन त्या वासाबद्दल?

"होता, सुग्राबी," मी म्हटलं. "मी पदर लावला होता नाकाले, तरी पदरातून आला. वार्निशचा, घामाचा. शेडासमोरून जाताना येत असे ना, तोच. मले समजला नाही, पण तोच होता."

ती माह्याकडे पाहातच राह्यली. "होता ना?" म्हणे. "टिकला होता ना सालभर? पाच गाठी मारल्या होत्या म्या." अन तिचं तोंड असं उजळलं की मले पाह्यवलं नाही. मंग चष्मा काढला अन त्याच शर्टात तोंड घालून रडली, अत्तरासकट, ऑईलसकट. मी तिच्या पाठीवर हात ठेवाले गेली अन ठेवू शकली नाही.

रडणं झालं तशी तिनं शर्टाची घडी घातली. फोटो ठेवला, चटणी ठेवली, मांजरपाट ओढून घेतलं. सुई माह्याकडे केली. "दोरा ओवून दे." तीन खेपा दोरा चुकला, चौथ्याले गेला. तिनं शिवलं, आपल्या त्याच बारीक टाक्यानं, अन पार्सल माह्या मांडीवर ठेवलं.

"घेऊन जाय," म्हणे. "तो तिथंच उघडन, तुह्यासमोर. त्याले धीर नाही. त्याले काय सांगाचं ते तूच सांगजो. मले फोनवर नाही होणार."

जाताना तिसरा ड्रेस पलंगावर पडला होता तो उचलून तिनं खुंटीले लावला. "घेर बरोबर हाय," म्हणे, अन गेली.

संध्याकाळी मी दिपालीले फोन केला. आधी तिले त्या "त्यांचं" वरून जे सुनवाचं होतं ते सुनवलं. उशिरा सुनवलं, पण सुनवलं. मंग म्हटलं, "त्या फाईलमध्ये गुरुवारचं ते अब्रारचं हाय ना, पाच ते सव्वापाच? ते वाढव."

"वाढवते," म्हणे. "किती वाढवू, आई?"

म्हटलं, "ते कारंजे काढून टाक."